पान एकेचाळीस पाहा

हेमांगी मगदूमला माणसं कळायची ती परत आलेल्या पुस्तकांवरून. पुस्तक नेताना माणूस काय बोलतो, याला तिच्या लेखी किंमत नव्हती; नेताना सगळेच थोर असतात. गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या त्या वाचनालयातून वकीलसाहेब दर महिन्याला तत्त्वज्ञानाचा जाडजूड ग्रंथ काखेत मारून न्यायचे आणि खूण म्हणून घातलेली एसटीची तिकिटं प्रस्तावनेतच सोडून परत आणायचे. बांगड्यांच्या दुकानातल्या शोभाकाकू देवाधर्माच्या पुस्तकाखाली रहस्यकथा दडवून न्यायच्या. खुनी सापडतो त्या पानावर लसणाच्या चटणीचं बोट हमखास. हेमांगी हे कुणाला बोलून दाखवत नसे. मनातल्या मनात ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडून ठेवी, आणि रस्त्यात भेट झाली की नेमकं तेवढंच हसे.

चटणी निघत नाही, पण पेन्सिल निघते. दसऱ्यानंतर साफसफाई निघाली की ती एकेक कपाट खाली उतरवी आणि वाचकांनी पुस्तकांत केलेले उद्योग खोडत बसे. अधोरेखितं, बाण घुसलेले बदाम, ‘लेखकाला अक्कल नाही’ असे शेरे, आणि वाचनालयाइतकाच जुना तो खेळ: एका पानावर ‘पान अमुक पाहा’, तिथं गेलं की ‘आता पान तमुक पाहा’, आणि शेवटी धापा टाकत पोचलेल्या वाचकाला पदवी, ‘गाढव’. जिल्ह्यात एवढी स्वच्छ पुस्तकं दुसरीकडं नव्हती. खोडताना ती कधी वाचत नसे. डोळा रबराच्या टोकावर, मन भलतीकडं. वाचायला लागलं की हात थांबतो आणि हात थांबला की कपाट उरतं, असा तिचा हिशोब. एकेकाळी मुलं तिला खोडरबरबाई म्हणायची. आता पेन्सिल चित्रकलेच्या दुकानाशिवाय कुठं मिळत नव्हती, नव्या पिढीला ती फारशी धरताही येत नव्हती, तेव्हा हे नावही मागं पडलं होतं.

अलीकडं मुलं यायची ती चष्म्यासाठी.

‘वाचनवेध’ नावाच्या कंपनीचा तो चष्मा सरकारनं सगळ्या वाचनालयांना दिला होता. त्याची करामत अशी. वाचताना डोळा ओळीवरून घसरत जात नाही. तो बेडकासारखा उड्या मारतो. उडी, थांबा, उडी, थांबा. अवघड शब्दाशी थांबा लांबतो, नाही कळलं तर मागं उडी पडते, आणि मनाला काही भिडलं की बाहुली किंचित रुंदावते. ते रुंदावणं ज्याचं त्याला कळत नाही आणि आवरताही येत नाही. चष्म्याच्या दांडीतला बारीक कॅमेरा हे सगळं टिपायचा, समोरचं पान आपल्याकडच्या छापील मजकुराशी ताडून बघायचा, आणि कोणत्या ओळीनं कोणत्या मुलाला धरलं याचा अंक काढायचा. या अंकाचं नाव ‘गुंतवणूक’. डोळे ओळींवरून फिरताहेत पण मन गावाला गेलंय, अशा वाचनाला यंत्र ‘कोरडं’ म्हणायचं. लाखो मुलांच्या नोंदी त्याच्यापाशी होत्या. खचलेल्या, बिथरलेल्या, गप्प झालेल्या मुलाला नेमकं कोणतं पुस्तक द्यायचं, ते त्यावरून ठरायचं.

आणि लागू पडायचं. हे हेमांगीला कबूल करावं लागे. बाप गेल्यावर शाळा सोडून बसलेली सुताराची मुलगी चष्म्यानं दिलेलं तिसरं पुस्तक वाचून पुन्हा वर्गात जायला लागली होती. पूर्वी असं पुस्तक हेमांगी निवडून द्यायची. कधी लागायचं, पुष्कळदा चुकायचं. आता पडद्यावर नाव उमटे, ती कपाटातून काढून हातात ठेवी. काम हलकं झालं होतं आणि ती मात्र पूर्वीपेक्षा दमत होती.

एका घरात हे औषध लागेना, आणि ते घर तिचंच होतं.

धाकट्या भावाची, सुहासची मुलगी तन्मयी. नावं ठेवताना आईबाप फारच आशेवर असतात. दहावीला तालुक्यात पहिली आली, म्हणून सुहासनं तिला कोल्हापूरला क्लासला आणि वसतिगृहात घातलं. दिवाळीच्या आतच परत आणावं लागलं. पोरगी पलंगावरून उठत नाही, असा तिथल्या बाईंचा फोन आला होता. त्याला वर्ष होत आलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आईचे उपास झाले. जो येई तो समोर खुर्ची ओढून विचारी, ‘काय झालंय तुला?’ आणि तन्मयी ‘काही नाही’ म्हणे. उर्मटपणे नाही, दुकानदार ‘साखर संपली’ म्हणतो तसं.

यंत्रानं तिला अर्थपूर्ण पुस्तकांच्या पाट्याच्या पाट्या वाचायला लावल्या. अनाथ मुलींची, पाय गेलेल्या गिर्यारोहकांची, दुष्काळातून वर आलेल्या शास्त्रज्ञांची. सगळं वाचन कोरडं. एकदाच ती आपण होऊन बोलली होती: “सगळ्यांत शेवटी कुणीतरी जिंकतं, आत्ती.” एवढं म्हणून तिनं पुस्तक परत ठेवलं होतं, जागेवर, कणा सरळ करून.

सुहास काजूच्या कारखान्यात व्यवस्थापक होता. अख्खा काजू, पाकळी, तुकडा अशी प्रतवारी करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती, आणि तुकडा पुन्हा अख्खा होत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळंच तो घाबरला होता. पुण्यापलीकडं अशा मुलांसाठी एक निवासी केंद्र निघालं होतं. दिवाळीनंतरची जागा त्यानं धरून ठेवली होती. तिथं मुलं बोलायला लागतात, असं त्याला कुणीसं सांगितलं होतं. एका वसतिगृहात मोडलेली पोर दुसऱ्या वसतिगृहात जुळायची नाही, हे हेमांगीनं त्याला तीनतीनदा सुनावलं. चौथ्यांदा तो ताटावरून न उठता म्हणाला, “मग तू जुळव की, अक्का. तुझ्या वाचनालयात एवढी पुस्तकं आहेत. दिवाळीपर्यंत एक काढ.”

 ती रोज तन्मयीला बरोबर घेऊन कामावर जाऊ लागली, एवढंच.

साफसफाईचे दिवस होते. मागच्या खोलीत खोडायच्या पुस्तकांचे ढीग लागले होते आणि तन्मयी डोळ्यांवर चष्मा चढवून त्या ढिगांत बसायची. एका दुपारी ती पुढच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “आत्ती, पेन्सिल आहे?”

कित्येक महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली वस्तू. पण सवय फार वाईट. हेमांगी मान वर न करता बोलून गेली की पुस्तकात लिहायचं नाही हं. तन्मयी क्षणभर उभी राहिली आणि परत गेली. संध्याकाळी हेमांगीनं नेहमीप्रमाणं त्या दिवसाचा ढीग पुढ्यात ओढला आणि खोडून संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरहून निनादचा फोन. निनाद हा ‘वाचनवेध’चा तिकडचा माणूस, आवाज कायम मृदू, जणू समोरचा आजारीच आहे. आज मात्र तो मृदू राहायचं विसरला होता. तन्मयीचा अंक आदल्या दुपारी आकाशाला भिडला होता. पानं पुढंमागं उलटली होती, ती एकाच ओळीशी कितीतरी मिनिटं थांबली होती, बाहुली एवढी रुंदावली होती की त्यानं आधी चष्माच बिघडला असं धरलं. पुस्तक होतं ‘गोबरगॅस संयंत्र: उभारणी आणि निगा’.

हेमांगीनं नाव पुन्हा विचारलं. नाव तेच होतं. वाचनालय अनुदानावर जगत असताना एका वर्षी पोत्यानं आलेल्या पुस्तकांतलं. आल्यापासून कुणी घरी नेल्याची नोंद नव्हती, म्हणून साफसफाईत ते कपाट यंदाच पहिल्यांदा खाली उतरलं होतं.

निनादपाशी अर्थही तयार होता. सगळ्यात जास्त गुंतवणूक शेवटच्या पानावरच्या एका ओळीवर होती: ‘टाकीतील दाब प्रमाणाबाहेर वाढल्यास झडप सावकाश उघडावी.’ “मॅडम, बघा ना. बंद टाकी, आत साचलेलं, वाढता दाब. तिनं स्वतःला ओळखलंय. हे पुस्तक आपण अशा सगळ्या मुलांना देऊन बघणार आहोत.”

हेमांगीला हे तितकंसं पटलं नाही. पण अंक खोटं बोलत नाही, आणि तिची स्वतःची निवड तर कधीचीच दिवाळखोरीत निघाली होती. तिनं ते जसंच्या तसं सुहासला सांगितलं.

सुहासला अर्थबिर्थ नको होता. पोरीला गोबरगॅसची आवड आहे, एवढं त्याला पुरलं. चौथ्या दिवशी परसात खड्डा खणला गेला, शेजारच्या गोठ्यातून शेणाच्या पाट्या आल्या, आणि कारखान्यात पांढऱ्या हातमोज्यांशिवाय काजूला न शिवणारा माणूस विजार दुमडून शेणात उतरला. तन्मयीला खुर्ची टाकून काठावर बसवलं. ती बापाकडं बघत राहिली. मग आत जाऊन झोपली.

कंपनीनं पुस्तक पुन्हा छापलं, गुळगुळीत कागदावर. पहिली प्रत तन्मयीला आली. वाचन कोरडं. दुसऱ्यांदा वाचलं, तेही कोरडं. निनादचा आवाज पुन्हा मृदू झाला. परसातल्या खड्ड्यावर सुहासनं पत्रा टाकला आणि केंद्राचे उरलेले कागद सही करून पाठवले. दिवाळी आठवड्यावर आली होती.

तेव्हा हेमांगीनं जुनी प्रत काढली. ग्रंथपालाला एक गोष्ट यंत्रापेक्षा जास्त कळते: तेच पुस्तक आणि तीच प्रत यांत फरक असतो. दुपारी वाचनालय रिकामं असताना तिनं ती जीर्ण प्रत तन्मयीपुढं ठेवली. मुलीचा चेहरा उजळला, हे तिनं स्पष्ट पाहिलं. तन्मयीनं तिसरं पान उघडलं. मग घाईघाईनं एकेचाळिसावं. मग बारावं. मग शेवटचं. मग पुन्हा तिसरं, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून.

“हे कुणी खोडलं?”

“काय खोडलं?”

“इथं लिहिलेलं होतं. आत्ती, कुणी खोडलं?”

हेमांगी म्हणाली, दुसरं कोण खोडणार, मीच. दरवर्षी खोडते.

“वाचलं नाहीस?”

“खोडताना वाचायचं नसतं गं.”

“कोरडं खोडलंस,” तन्मयी म्हणाली. यंत्राचा तो शब्द तिच्या तोंडून चापटीसारखा आला. आणि मग वर्षभर साचलेलं सगळं बाहेर पडलं. तिचा आवाज चढला, फुटला, पुन्हा चढला. घरातले सगळे नुसतं पुसत असतात. बाबा पुसतात, डॉक्टर पुसतात, तू पुसतेस. ताट पुसावं तसं मला पुसून कपाटात ठेवायचंय सगळ्यांना. पेन्सिल मागितली तर तीही दिली नाहीस. हेमांगीनंही दोनचार शब्द परत केले. एवढी वर्षं सांभाळलेली पुस्तकं काय भिंती आहेत का कुणीही येऊन लिहायला, वगैरे. पण आपण हरतो आहोत हे तिला कळत होतं, आणि हरताना तिला विलक्षण बरं वाटत होतं. वादावादी थांबली तेव्हा दोघींचे घसे बसले होते. मग तन्मयीनं काय होतं ते सांगितलं. तिला शब्द न् शब्द पाठ होता.

तिसऱ्या पानावर पेन्सिलीनं होतं, ‘इतकं कंटाळवाणं पुस्तक उघडलंस? पान एकेचाळीस पाहा.’ तिथं, ‘एवढ्या लांब आलास? पान बारा.’ तिथं, ‘अजून ऐकतोस? शेवटचं पान.’ आणि शेवटच्या पानाच्या समासात, झडपेच्या ओळीशेजारी, त्याच अक्षरात: ‘इथं गाढव लिहिणार होतो. पण इथवर येणारा माझ्यासारखाच कुणीतरी असणार. काय झालंय तुला?’

त्याखाली वेगवेगळी अक्षरं. ‘काही नाही.’ त्याखाली, ‘मलाही काही नाही.’ त्याखाली, ‘बारावी नापास. घरी सांगितलेलं नाही.’ त्याला कुणाचं तरी उत्तर, ‘सांगून टाक. मी सांगितलं. एक दिवस फार वाईट जातो, मग जेवायला बोलावतात.’ त्याखाली शाईच्या पेनानं गोल अक्षरात, ‘हसायला येतं पण रडायला येत नाही.’ आणि अगदी तळाशी, पानाची कड संपता संपता, ‘मी इथं आधी आले होते. आता दोन मुलं आहेत. बघायला आले, कुणी आहे का अजून.’

हे पुस्तक कुणी घरी नेलं नव्हतं, कारण घरी न्यायचंच नव्हतं. ते तिथंच उभ्याउभ्या वाचायचं होतं.

“मी पण लिहिणार होते,” तन्मयी म्हणाली.

हेमांगीला पुढचं आपोआप उलगडलं. निनादला तिनं तेवढं एकच विचारलं: मुलानं समासात पाहिलं तर चष्मा काय करतो? तो म्हणाला, समास यंत्राला दिसतच नाही मॅडम. छापील मजकुराबाहेरचं सगळं डाग आणि सावल्या म्हणून ते पुसून टाकतं, आणि नजर तिकडं गेलीच तर जवळच्या ओळीच्या नावावर जमा करतं. म्हणजे ते यंत्र आणि आपण एकाच कामावर होतो, हेमांगीनं मनाशी म्हटलं. तिनं त्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर महिनाभरात कंपनीनं समासासकट पुस्तक छापलं असतं, नऊ प्रकारच्या हस्ताक्षरांत.

सुहासला मात्र सांगणं भाग होतं. ती त्याला बोलवायला बाहेर पडणार, तोच तो दारात उभा. बॅग कोणती घ्यायची ते विचारायला आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. समास, पेन्सिल, गाढव, काही फारसं त्याच्या ध्यानात आल्यासारखं दिसलं नाही. दमलेल्या माणसाला कारण नको असतं, निकाल हवा असतो.

“अक्का, पाठवू का नको, एवढं सांग.”

“नको.”

“कशावरून?”

“भांडली ती माझ्याशी.”

सुहास खुर्चीवर बसला. “भांडली?”

“मला म्हणाली, मला नुसतं पुसता तुम्ही. घसा बसेपर्यंत भांडली. तुझंही नाव घेतलं.”

“माझं काय म्हणाली?”

“चांगलं काही म्हणाली नाही.”

 मग त्यानं नाक ओढलं आणि विचारलं की पेन्सिल खोडली तरी मागं काही राहतं का. कारखान्यात खोक्यांवरचे खोडलेले शिक्के ते आडव्या उजेडात वाचत. तिघं मागच्या खोलीत गेले. सुहासनं फोनचा दिवा पानाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, आणि कागदावर दाबून लिहिणाऱ्यांचे व्रण सावल्यांसारखे वर आले. सगळे नाही. ‘काय झालंय तुला’ आलं, ‘नापास’ आलं. शाईचं अक्षर तर हेमांगीला पुसताच आलं नव्हतं. इतके दिवस ते तिथंच होतं, फिकट, आणि तिनं ते पाहिलंही नव्हतं.

हेमांगीनं खिडकीत पडलेला पेन्सिलीचा जुना तुकडा उचलला, पण तन्मयीनं तिचा हात धरला. “गिरवू नकोस. ते त्यांचं अक्षर आहे. ज्याला बघायचंय तो दिवा आडवा धरेल.”

सुहास दिवा धरून तसाच वाकून उभा होता. “तू काय लिहिणार होतीस?” त्यानं विचारलं. तन्मयीनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली की तुम्ही समोर उभे राहून विचारता, म्हणून सांगता येत नाही. तो दिवा तिच्या हातात देऊन पुढच्या खोलीत जाऊन बसला. वर्तमानपत्र उलटं धरून.

केंद्राची जागा सुटली. तन्मयी बरी झाली, असं काही नाही. पण आठवड्यातून दोनतीनदा भांडू लागली, आणि परसातला खड्डा बुजवताना बापाला हसली. जुनी प्रत चष्मा लावून मधूनमधून वाचायची, तेव्हा तिचा अंक चढलेला दिसायचा, आणि श्रेय सगळं झडपेच्या ओळीला मिळायचं. त्या जोरावर कंपनीनं ते पुस्तक जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना पाठवायचं ठरवलं. आपली ही चुप्पी कुणाला कितीला पडणार, हा हिशोब हेमांगीला तेव्हा कळला, जेव्हा तालुक्याच्या वाट्याचे गठ्ठे शिक्के मारायला तिच्याच टेबलावर येऊन पडले. गुळगुळीत, कोरे समास असलेली पुस्तकं. आता कित्येक गप्प मुलांना शेणाचं प्रमाण वाचायला लागणार होतं.

तिनं चित्रकलेच्या दुकानातून पेन्सिली आणल्या. दोघी समोरासमोर बसल्या. जुनी उत्तरं आठवतात तेवढी उतरवून काढू, असं हेमांगी म्हणाली. तन्मयी चिडली.

“खोटं नाही लिहायचं. ते आपण नव्हतो. फक्त रस्ता लिहायचा आणि प्रश्न. खाली जागा सोडायची.”

“आणि कुणी काही लिहिलंच नाही तर?”

“मग जागा तर राहील.”

तन्मयीला पेन्सिल धड धरता येत नव्हती. मुठीत धरून ती एकेक अक्षर रोवत होती. ‘पान एकेचाळीस पाहा.’ हेमांगी शेवटच्या पानांवर प्रश्न लिहीत गेली. काय झालंय तुला. काय झालंय तुला. लिहिता लिहिता, किती वर्षांनी कोण जाणे, तिनं स्वतःचंच अक्षर वाचलं आणि हात थांबला. समोर तन्मयी मान खाली घालून लिहीत होती. तिनं विचारलं नव्हतं, ती पाहतही नव्हती. हेमांगीनं पुस्तक जरा आपल्याकडं ओढलं आणि प्रश्नाखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘काही नाही. फार दमले आहे.’

लिहून झाल्याबरोबर सवयीनं तिचा हात खोडरबराकडं गेला. तो जागेवर नव्हता. तन्मयीनं मान वर न करता तो केव्हाच आपल्या दुसऱ्या मुठीत घेतला होता.